प्रमाणपत्रांचा सुकाळ, प्रश्नांचा दुष्काळ

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की आमच्या घरात एका जाडजूड निळ्या फाईलवरून दर वर्षी वाद होतो. सौ. ती फाईल माळ्यावरून खाली काढते, धूळ झटकते आणि विचारते, "ही आता रद्दीत घालायची ना?" मी दर वर्षी नाही म्हणतो. वास्तविक तिचे म्हणणे रास्त आहे. मी निवृत्त होऊन चार वर्षे झाली. त्या फाईलमधल्या एकाही कागदाचा आता कोणाला उपयोग नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना तीस वर्षांत जमवलेली ती माझी कमाई आहे. चर्चासत्रांना हजर राहिल्याची प्रमाणपत्रे, शोधनिबंध वाचल्याची प्रमाणपत्रे, उद्बोधन वर्ग, परीक्षक, निमंत्रक, एका सत्राचा अध्यक्ष, कुठल्याशा संस्थेचा 'गुणवंत प्राध्यापक'. सोनेरी किनार, लफ्फेदार अक्षरे, खाली दोन सह्या.

या सगळ्यात एक कागद मात्र वेगळा आहे. तो प्रमाणपत्राचा नाही आणि माझाही नाही. २०१४ साली 'आविष्कार' या आंतरमहाविद्यालयीन संशोधन स्पर्धेच्या विभागीय फेरीला मी परीक्षक होतो. तिथे एका मुलीने दिलेल्या प्रकल्पाच्या सारांशाचा तो कागद आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातली. पांढऱ्या कार्डशीटवर स्केचपेनने काढलेला तक्ता, गावच्या नकाशावर खुणा केलेल्या १७ जागा आणि प्रत्येक जागेपुढे एक आकडा. गावातल्या हापशांचे आणि विहिरींचे पाणी प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून एस.टी.ने महाविद्यालयात आणून तिने त्यातले फ्लोराईड मोजले होते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. तिच्या नकाशावर उघड्या विहिरींचे आकडे बरे होते. खोल बोअरवरच्या हापशांचे आकडे मात्र तांबड्या शाईत लिहिलेले होते.

परीक्षकाने विचारायचा ठरावीक प्रश्न मी विचारला. "हा विषय का निवडला?" ती म्हणाली, "माह्या भावाचे दात असे पिवळे-तपकिरी काउन झाले, ते पाहाचं होतं, सर."

गुणपत्रिकेत रकाने होते. नावीन्य, पद्धत, मांडणी, उपयुक्तता, प्रश्नोत्तरे. पाण्यातल्या फ्लोराईडवर आधी पुष्कळ काम झालेले आहे, हे मला ठाऊक होते. नावीन्याच्या रकान्यात मी तिला कमी गुण दिले. मांडणीतही दिले, कारण शेजारच्याच टेबलावर शहरातून छापून आणलेला चकचकीत फ्लेक्स होता, त्याच्या शीर्षकात 'नॅनो' हा शब्द होता आणि मुलगा इंग्रजीत न अडखळता बोलत होता. तो काय बोलतो आहे हे त्याला स्वतःला किती कळत होते, हा प्रश्न त्या दिवशी मी स्वतःला विचारला नाही. तो पुढच्या फेरीला गेला. ती गेली नाही.

संध्याकाळी निकाल लागल्यावर ती माझ्यापाशी आली. रडकुंडीला वगैरे आलेली नव्हती. तिने एवढेच विचारले, "नंबर नाही आला ते ठीक हाय, सर. पण हे आकडे आता कोणाला द्याचे?"

"तुमच्या प्राचार्यांना द्या," असे काहीतरी मी म्हणालो आणि गाडी गाठायला निघालो. तो प्रश्न मात्र आजतागायत माझी पाठ सोडत नाही. आपल्या विद्यापीठांतील संशोधन, त्यासाठीच्या संधी, पारितोषिके, सन्मान या साऱ्या डोलाऱ्याचा विचार करू लागलो की मी फिरून त्याच प्रश्नापाशी येतो. हे आकडे कोणाला द्यायचे? आपल्याकडे संशोधन मोजणारे पुष्कळ आहेत, ते घेणारा कोण आहे?

'आविष्कार'चे श्रेय

प्रथम श्रेय द्यायचे ते देऊ. खेळांसाठी 'अश्वमेध', सांस्कृतिक कलांसाठी 'इंद्रधनुष्य' हे राज्यातल्या विद्यापीठांचे महोत्सव होतेच. त्यांच्या जोडीला २००६ साली कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने 'आविष्कार' सुरू झाला. मानव्यविद्या-भाषा-ललितकला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, मूलभूत विज्ञाने, कृषी आणि पशुसंवर्धन, अभियांत्रिकी-तंत्रज्ञान, वैद्यक आणि औषधनिर्माण असे त्याचे सहा विभाग. महाविद्यालयापासून जिल्हा किंवा विभाग, मग विद्यापीठ आणि शेवटी राज्य, अशा त्याच्या पायऱ्या. आधी भित्तिपत्रक, मग तोंडी सादरीकरण.

आमच्या विद्यार्थिदशेत संशोधन हा शब्द पदव्युत्तर वर्गाच्या उंबरठ्याच्या आत येत नसे. पदवीच्या मुलाने पुस्तकातला प्रयोग करायचा, वहीत 'निरीक्षण' आणि 'निष्कर्ष' लिहायचे. उत्तर आधीच माहीत असे. ते जुळले नाही, तर शेजाऱ्याच्या वहीतून जुळवून घेतले जाई. उत्तर माहीत नसलेला प्रश्न घेऊन खेड्यातल्या मुलाने चार लोकांसमोर उभे राहायचे, ही गोष्टच 'आविष्कार'ने नवी आणली. ती मुलगी त्या दिवशी सभागृहात उभी राहिली, तीच मुळी या स्पर्धेमुळे. हे श्रेय मोठे आहे आणि टीका करताना ते विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

अडचण पुढे आहे. निकाल लागतो, छायाचित्र निघते, महाविद्यालयाच्या वार्षिकांकात ते छापले जाते आणि प्रकल्प तिथेच संपतो. खेळाडू पदक मिळाल्यावर सराव थांबवत नाही. संशोधनात मात्र पारितोषिक हाच शेवटचा मुक्काम ठरतो. दुसऱ्या वर्षी तो मुलगा नवा विषय घेतो, कारण जुन्याला 'नावीन्य' नसते. विज्ञान असे चालत नाही. तिथे एकाच प्रश्नाला वर्षानुवर्षे धरून बसावे लागते आणि त्या बसण्याला आपल्या गुणपत्रिकेत रकाना नाही.

पंधरा गुणांचा निबंध

मुलांना नावे ठेवण्याआधी आम्हा गुरुजनांकडे पाहिले पाहिजे. मी माझ्यापासूनच सुरुवात करतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी नवी नियमावली आणली. तिच्यामुळे 'एपीआय' हे तीन अक्षरी दैवत प्रत्येक स्टाफरूममध्ये स्थापन झाले. अध्यापनाला गुण, इतर उपक्रमांना गुण, संशोधनाला गुण. पंडितपरीक्षित नियतकालिकातल्या एका निबंधाला १५, परीक्षण न होणाऱ्या पण आयएसएसएन क्रमांक असलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला १०, असा भाव ठरला. हेतू वाईट नव्हता. एकदा चिकटले की निवृत्तीपर्यंत त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचणारे महाभाग आमच्यात होते. त्यांनी जरा हातपाय हलवावेत, अशी अपेक्षा होती.

घडले भलतेच. ज्या महाविद्यालयात प्रयोगशाळेला पाणी दिवसाआड, ग्रंथालयात एकही चालू संशोधन नियतकालिक नाही आणि आठवड्याला तासिकांचा डोंगर, तिथल्या माणसाने दर वर्षी शोधनिबंध कुठून आणावेत? मागणी निर्माण झाली की बाजार उभा राहतो. रातोरात 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिके निघाली. निबंध पाठवा, शुल्क भरा, आठवड्यात छापून घ्या. तज्ज्ञांचा अभिप्राय बँकेचे चलन भरल्याच्या दिवशीच येई आणि तो नेहमी अनुकूलच असे.

माझी बढती अडली होती. काही गुण कमी पडत होते. मीही पैसे भरले. जुन्या एम.फिल.च्या प्रबंधिकेतला एक तुकडा इंग्रजीत नटवून पाठवला आणि तो छापून आला. तो कोणी वाचला असेल, असे मला वाटत नाही. मीही छापील प्रत पुन्हा उघडली नाही. बढती मिळाली, घरी पेढे आले. पेढे वाटताना आईने विचारले, "काय शोध लावलास रे?" मी विषय बदलला. हे लिहायला संकोच वाटतो, पण माझ्या पिढीच्या कितीतरी सज्जन, कष्टाळू प्राध्यापकांची हीच कथा आहे. म्हणून ती एकदा लिहून टाकलेली बरी.

या बाजाराचे मोजमाप पुढे आपल्याच राज्यात झाले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची चिकित्सा केली. ती २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी १००९ नियतकालिके त्यांनी तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असावीत, असा निष्कर्ष निघाला. कुणाचा पत्ताच नाही, कुणाच्या संपादकांची नावे नाहीत, कुणाचा आयएसएसएन क्रमांक खोटा. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. पुढे 'केअर' नावाची काटेकोर यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता नियतकालिकाचा दर्जा संस्थांनी आपापल्या पातळीवर ठरवायचा आहे. २०१८ च्या नियमावलीने महाविद्यालयीन प्राध्यापकांवरचा संशोधनाचा जाचही बराच कमी केला. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही अट २०२२ च्या नियमांनी काढली आणि एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली.

म्हणजे बारा-पंधरा वर्षांत आपण आधी सक्ती केली, मग सक्तीतून फसवणूक उगवली, मग यादी केली, ती गाळली, नवी केली, तीही रद्द केली. या सगळ्या धावपळीत 'या निबंधातून नवे काय कळले?' हा प्रश्न विचारायला कोणाला सवड झाली नाही. मोजणे सोपे असते. वाचायला मात्र वेळ आणि समज दोन्ही लागतात.

अर्ज करून मिळणारा आदर

पुरस्कारांचेही तेच. आपल्याकडे गुणवंत शिक्षकाचा पुरस्कार हवा असेल, तर बहुतेक ठिकाणी त्याने स्वतःच अर्ज करायचा असतो. आपण किती आदर्श आहोत याचे पुरावे, छायाचित्रे, कात्रणे आणि प्राचार्यांची शिफारस जोडून चार प्रतींत फाईल द्यायची. माझ्या ओळखीचे एक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक सुटीच्या दिवशी मुलांना घरी बोलावून जुन्या रेडिओचे भाग उघडून दाखवीत. त्यांना आयुष्यात एकही पुरस्कार मिळाला नाही. कारण विचारले तर म्हणत, "अहो, त्या फाईलीत लावायला माझ्याकडे फोटो नाहीत."

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी 'नॅक' १९९४ साली स्थापन झाली. तिच्या निकषांत संशोधन आणि विस्तारकार्य यांच्या खाली पुरस्कार व मान्यता यांचीही नोंद मागितली जाते. नोंद मागितली की संख्या वाढते. नोंदणी शुल्क घेऊन 'राष्ट्रीय' आणि 'जागतिक' सन्मान देणाऱ्या संस्था त्यामुळे सुखाने नांदू लागल्या. शुल्कात शाल, स्मृतिचिन्ह आणि दुपारचे जेवण येते. एका अशा सोहळ्यात मी स्वतः बसलो आहे. व्यासपीठावर सत्कारमूर्ती आणि समोरच्या खुर्च्यांवर त्यांचेच नातेवाईक. 'गुणवंत प्राध्यापक' हा कागद त्या दिवशीचाच.

उलट खऱ्या मान्यतेची रीत पाहा. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे मुंबईत वकिली करीत. 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली आला आणि पाचवा १९६२ साली. ३२ वर्षे आणि साडेसहा हजारांवर पाने. त्यांना १९६३ मध्ये 'भारतरत्न' मिळाले तेव्हा काम पुरे झालेले होते. डॉ. कमला सोहोनी १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी केवळ त्या स्त्री आहेत म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. वर्षभराच्या परीक्षेवर प्रवेश मिळवला आणि पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काम केले ते कशावर? नीरेच्या पोषणमूल्यावर आणि गरिबाच्या ताटातल्या धान्यांवर. त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला तो याच नीरेवरील कामासाठी. आपल्या गावच्या पाण्याचा विषय 'फार साधा' म्हणून खाली ढकलणाऱ्या माझ्यासारख्या परीक्षकाने हे आठवायला हवे होते.

केंद्र सरकारने आता 'राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार' सुरू केले आहेत. २०२४ साली पहिला 'विज्ञानरत्न' जीवरसायनशास्त्रज्ञ गोविंदराजन पद्मनाभन यांना मिळाला. २०२५ साली तो डॉ. जयंत नारळीकरांना मरणोत्तर जाहीर झाला. त्या वर्षी २० मे रोजी ते गेले. मराठी घरांना नारळीकरांची थोरवी पुरस्कारामुळे कळली असे नाही. ज्याने पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवला त्याला ते उत्तर देत, हे पुष्कळांनी अनुभवले होते. मला वाटते, मान्यता खरी असते ती अशी. लहान माणसाचा प्रश्न मोठ्या माणसाने गंभीरपणे घेणे.

पोटाचा प्रश्न

इथवर वाचून एखादा पालक म्हणेल, हे सगळे ठीक, पण आमच्या मुलीने संशोधन करायचे तर खायचे काय? हा प्रश्न अगदी योग्य आहे.

राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात. आधी ते ३१ हजार होते. पण ही वृत्ती मिळवणारे थोडे. आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांनी समाजाच्या मागे राहिलेल्या थरांतल्या मुलांसाठी अधिछात्रवृत्ती दिल्या, हे फार मोलाचे काम झाले. ज्यांच्या घरात पदवीधरही नव्हता, अशा घरांतून पीएच.डी.ची नोंदणी झाली. पण २०२३ साली याच मुलांना अधिछात्रवृत्तीसाठी आझाद मैदानावर धरणे धरावे लागले आणि त्याच वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात 'पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार', अशा अर्थाचा सवाल सत्ताधारी बाकांवरून झाला. पुढे त्याबद्दल दिलगिरी व्यक्त झाली. बोलणाऱ्याचे राहू द्या. तो सवाल आपल्या कित्येक घरांतही विचारला जातो, हे आपण मान्य केले पाहिजे.

आणि तो विचारला जातो याला कारण आहे. प्रबंध पुरा करून बाहेर पडलेल्या मुलाला मिळते काय, तर तासिका तत्त्वावरची नेमणूक. जेवढे तास तेवढे मानधन आणि तेही कधी वर्ष उलटल्यावर. सुट्टीचे पैसे नाहीत, पुढच्या जूनची खात्री नाही. असा माणूस मुलांच्या प्रकल्पात मन कसे घालणार? ज्याचे स्वतःचेच टेबल नाही, तो मुलांच्या बाटल्या कुठे ठेवून घेणार?

देशाचे एकूण चित्रही फारसे वेगळे नाही. संशोधन आणि विकासावर आपण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, असे २०२०-२१ ची सरकारी आकडेवारी सांगते. त्या खर्चात उच्च शिक्षण संस्थांचा वाटा जेमतेम ९ टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे जिथे सर्वाधिक तरुण डोकी आहेत, तिथे फार कमी पैसा. २०२३ च्या कायद्याने 'अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान' स्थापन झाले आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांची घोषणा झाली. त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरून यायचा आहे. तो येईल तेव्हा खरा. आला तरी त्यातले ओंजळभर पाणी तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत पोहोचेल का, हा माझा प्रश्न आहे. पूर्वी आयोगाकडून महाविद्यालयीन प्राध्यापकांना छोट्या प्रकल्पांसाठी लाख-दोन लाख मिळत. तेवढ्या पैशात एखादे उपकरण येई, दोन मुले कामाला लागत. तो झरा आटला, त्याची हळहळ दिल्लीत कोणाला नाही.

दारे आहेत, माहिती नाही

तरीही सारा अंधारच आहे असे म्हणणे खोटे ठरेल. काही दारे खरोखर उघडी आहेत. पुण्याची 'आयुका' १९८८ साली नारळीकरांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली ती मुळी विद्यापीठांसाठीच. दूरच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकालाही तिथे सहयोगी म्हणून निवडले जाते आणि तिथे जाऊन राहण्या-काम करण्याची सोय होते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'नियस' हा संशोधनाची ओळख करून देणारा उपक्रम सुरू केला. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधनवृत्ती देतात. त्या विद्यार्थ्यांना जशा मिळतात, तशा शिक्षकांनाही मिळतात. खोडदच्या महाकाय दुर्बिणीपाशी राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास मुलांचे विज्ञानप्रदर्शन भरते आणि आसपासच्या गावांतली पोरे तिथे शास्त्रज्ञांना भंडावून सोडतात.

यातले बरेच मला निवृत्तीच्या आसपास कळले. नोटीसबोर्डावर परिपत्रके लागत, पण त्यांत सक्तीच्या दिनांची आणि शपथांची गर्दी असे. संधीचे पत्रक आले तर शेवटची तारीख उलटून गेल्यावर येई. मोठ्या शहरातल्या मुलाला ही माहिती मावशीच्या मुलाकडून मिळते. खेड्यातल्या मुलीला असा मावसभाऊ नसतो. खरी विषमता गुणवत्तेत नाही, ती या मावसभावात आहे.

आता तर संशोधन हा शब्द घरोघरी येणार आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी आली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' घेता येईल आणि तशी पदवी मिळवणाऱ्याला थेट पीएच.डी.च्या वाटेला लागता येईल. अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पही आले आहेत. कल्पना उत्तम आहे. पण मार्गदर्शक तासिका तत्त्वावरचा, प्रयोगशाळा कुलपात आणि मुदत पंधरा दिवसांची, असेच राहिले तर झेरॉक्सच्या दुकानात 'तयार प्रकल्प मिळतील' ही पाटी लागेल. काही ठिकाणी लागलीही आहे. एपीआयच्या काळात प्राध्यापकांचे जे झाले ते आता मुलांचे होईल, आणि ते अधिक वाईट. आम्ही निदान चाळिशीत खोटे शिकलो. ही मुले विशीत शिकतील.

उपाय फार मोठे नाहीत. 'आविष्कार'मध्ये एक रकाना वाढवावा. गेल्या वर्षीचाच प्रश्न यंदा पुढे नेणाऱ्याला गुण द्यावेत. विभागीय फेरीतल्या ज्या प्रकल्पांचा संबंध पाण्याशी, पिकांशी, आरोग्याशी आहे, त्यांची नोंद विद्यापीठाने संबंधित सरकारी कार्यालयाकडे पाठवावी आणि काय झाले ते पुढच्या वर्षी विचारावे. पुरस्कारासाठी अर्ज मागवणे बंद करून जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भराव्यात, हे तर किती वेळा लिहायचे! आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे. मूल प्रमाणपत्र घेऊन घरी आले, की 'कितवा नंबर?' याच्या आधी 'काय शोधत होतास?' हे विचारावे.

तिचे आकडे

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाला जाताना त्या मुलीच्या गावावरून जाण्याचा योग आला. फाट्यावर चहाला थांबलो. समोरचा हापसा तांबड्या रंगाने रंगवलेला होता. चहावाल्याला विचारले. तो म्हणाला, "तो पाणी प्याचा नाही, साहेब. आमच्या गावच्या एका पोरीनं कॉलेजात तपासलं होतं. ग्रामसभेत कागद घेऊन उभी राहिली. आधी हसले सारे. मग जिल्ह्याहून माणसं आली, त्यायनंही तेच सांगितलं."

म्हणजे आकडे कोणाला द्यायचे, याचे उत्तर तिने स्वतःच शोधले होते. परीक्षकाने गुण दिले नाहीत आणि विद्यापीठाने दखल घेतली नाही. दखल घेतली ती ग्रामसभेने. तीही आधी हसून.

चहावाल्याकडून तिचा नंबर घेऊन मी तिला फोन केला. ती आता शेजारच्या तालुक्यात सासरी असते. पदवी झाली, पुढे शिकता आले नाही. मी त्या स्पर्धेचा विषय काढला आणि मला जे म्हणायचे होते ते कसेबसे म्हटले. ती म्हणाली, "जाऊ द्या ना, सर, ते तर मी विसरली बी होती." जलजीवन योजनेत दर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात. त्या पाचांत सासरच्या गावातून ती आहे. तपासणीच्या पेटीबरोबर तिने एक वहीही ठेवली आहे. उन्हाळ्याचे आकडे वेगळे, पावसाळ्याचे वेगळे.

मग तिने मला प्रश्न विचारला. "पेटीतला रंग एक अन् दीडच्या मधात नीट समजत नाही, सर. कॉलेजातल्या मशीनवर एकदा जुळवून पाहता येईल काय?"

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इतका नेमका प्रश्न मला फार थोड्या विद्यार्थ्यांनी विचारला असेल. मी जुन्या महाविद्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याला फोन लावला. तासिका तत्त्वावर आहे, पण हो म्हणाला. पुढच्या सोमवारी आठ बाटल्या एस.टी.ने आल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टीने तारीख आणि जागा लिहिलेली होती. अजून काम सुरू आहे.

यंदाच्या दिवाळीत निळी फाईल रद्दीत गेली. तो एक कागद काढून ठेवला आहे.